समतोलाआधीच वाहू लागलेला थेंब

श्रोतेहो, नमस्कार.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रूकहेवन प्रयोगशाळा आहे. तिथे 2000 साली सोन्याची अणुकेंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवायला सुरुवात झाली. या वेगाला गोल केंद्रक भाकरीसारखं चपटं होतं. दोन भाकऱ्या एकमेकींतून आरपार जातात आणि मधे उरतो क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून सुटे झालेले क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांचं मिश्रण. तापमान सुमारे 4 लाख कोटी अंश!

तो वायूसारखा असेल, असा बऱ्याच जणांचा कयास होता. 2005 साली जाहीर झालं की तो द्रव आहे, आणि एन्ट्रॉपीच्या, म्हणजे कणांच्या अव्यवस्थेच्या, मानाने मोजलं तर त्याच्यापुढे पाणीसुद्धा काकवीइतकं दाट ठरावं.

हे कळलं कसं? टक्कर जरा बाजूला झाली, तर दोन केंद्रकांचा सामाईक भाग बदामाच्या आकाराचा असतो. बदामाच्या अरुंद बाजूने दाब झपाट्याने उतरतो, म्हणून त्या बाजूने कण जास्त उसळतात. शोधकयंत्रात नेमकं हेच दिसलं. पण कण आधी सुटेसुटे पळाले असते, तर बदाम गोल झाला असता आणि ही खूण पुसली गेली असती. म्हणजे द्रवपणा अगदी पहिल्या क्षणी आला.

खरी गंमत इथेच आहे. द्रवाची समीकरणं समतोलाच्या आसपासच, म्हणजे कण एकमेकांवर आदळून स्थिरावले आणि सगळ्या दिशांचा दाब सारखा झाला की, लागू पडतात, असं आपण शिकलो. इथे समतोलाला सवडच नाही. आघाताच्या दिशेने प्लाझ्मा इतका वेगाने ताणला जातो की त्या दिशेचा दाब आडव्या दाबापेक्षा बराच कमी राहतो. तरी समीकरणं बरोबर उत्तर देतात!

2015 साली यावर एक सुंदर उत्तर पुढे आलं. सुरुवात कशीही असो, सगळ्या उत्क्रांती लवकरच एका वाटेला लागतात. वेगवेगळ्या गावांहून निघालेल्या पालख्या वाखरीला एकत्र येतात. पंढरपूर अजून पुढेच असतं, पण वाट एक झालेली असते. पंढरपूर म्हणजे समतोल. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या वाटेचं गणित मांडलं गेलं आहे.

जुलै 2025 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेमध्ये ऑक्सिजनची केंद्रकं आदळवली गेली. सोन्याच्या केंद्रकात 197 प्रोटॉन-न्यूट्रॉन, ऑक्सिजनच्या केंद्रकात फक्त 16. इतक्या चिमुकल्या थेंबातही प्रवाहाच्या खुणा दिसल्या आहेत. आता प्रश्न हा, की थेंब अजून किती लहान झाला तर वाहणं थांबेल?