कॅनालमध्ये दोन द्रावणे भेटतात तेव्हा

परीक्षानळीत दोन टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक घ्या आणि वरून सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे ब्लीचचे, दोन-चार थेंब सोडा. ढवळावेही लागत नाही. थेंब पडताक्षणी नारिंगी-तपकिरी रंग चढतो आणि साका तयार होऊ लागतो. हेच रूट कॅनाल उपचारात दाताच्या मुळात घडते तेव्हा मुळातली नळी, म्हणजे कॅनाल, मिलिमीटरभरही रुंद नसते आणि आतला रंग आपल्याला दिसत नाही. काही महिन्यांनी दात काळवंडला की मग कळते.

कॅनाल धुण्यासाठी दोन्ही द्रावणे आपापल्या जागी उत्तम आहेत. बिघडते ते एकामागून एक सोडताना मध्ये कॅनाल नीट न धुतल्यामुळे.

सुरुवात हायपोक्लोराइटपासून करू, कारण त्याच्यावाचून आपले चालत नाही. पहिल्या महायुद्धात जखमा धुण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ डेकिन यांनी अर्धा टक्का द्रावण वापरले. आपण अर्ध्या टक्क्यापासून सहा टक्क्यांपर्यंत वापरतो. मेलेला पल्प (दाताच्या आतला मऊ भाग) विरघळवणे आणि जंतू मारणे ही दोन्ही कामे ते एकटे करते. त्याची सगळी ताकद ‘उपलब्ध क्लोरीन’मध्ये असते. ऊतकाशी गाठ पडली की हे क्लोरीन खर्च होते, म्हणून द्रावण सतत ताजे सोडत राहावे लागते. कॅनाल खरवडणाऱ्या प्रत्येक फाइलनंतर (सुईसारख्या बारीक कानशीनंतर) निदान दोन मिलिलिटर, एवढे प्रमाण ठेवा.

पण फाइल फिरवताना भिंतीवर खरवडलेल्या कचऱ्याचा जो थर, म्हणजे स्मिअर लेअर, बसतो, त्यातला खनिज भाग हायपोक्लोराइटला निघत नाही. त्यासाठी सतरा टक्के ईडीटीए. ते कॅल्शियमला पकडून ठेवते आणि थर सुटतो. 1957 मध्ये निगार्ड-ऑस्टबी यांनी ते या उपचारात आणले. आता ही दोन द्रावणे एकत्र आली की काय होते? ईडीटीएच्या रेणूतले नायट्रोजन क्लोरीनशी अभिक्रिया करतात, शिवाय मिश्रणाचा सामू खाली येतो. थोड्याच वेळात उपलब्ध क्लोरीन जवळजवळ संपते. ईडीटीएची कॅल्शियम पकडण्याची क्षमता मात्र बऱ्यापैकी टिकते. नुकसान एकतर्फी आहे आणि ते हायपोक्लोराइटचे आहे.

इथे साका पडत नाही, रंग बदलत नाही, फार तर थोडे बुडबुडे येतात. म्हणून ही चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. एकदा हायपोक्लोराइट, एकदा ईडीटीए, पुन्हा हायपोक्लोराइट असे आलटून-पालटून धुणाऱ्यांना वाटते की दोन्हींचा फायदा मिळतो आहे. प्रत्यक्षात ऊतक विरघळवण्याचे काम जवळपास थांबलेले असते. फाइलला लावायच्या बऱ्याच पेस्टमध्येही ईडीटीए असते, काहींत पेरॉक्साइडही. कॅनाल हायपोक्लोराइटने भरलेला असताना पेस्ट लावलेली फाइल आत घातली तर तेच घडते. माझे स्पष्ट मत आहे की वंगण म्हणून हायपोक्लोराइटच पुरेसे आहे. पेस्टची गरज अगदी अरुंद कॅनालला सुरुवातीला पडली तर पडेल.

दोन्ही एकत्रच हवे असतील तर ईडीटीएऐवजी एटिड्रोनेट वापरता येते. ते कॅल्शियम पकडणारे सौम्य द्रव्य (चिलेटर) आहे आणि काही काळ क्लोरीन टिकू देते. दहा मिलिलिटर हायपोक्लोराइटमध्ये 0.9 ग्रॅम भुकटी, म्हणजे साधारण नऊ टक्के. मिश्रण खुर्चीजवळ ताजे करा आणि तासाभरात संपवा. ते गरम करू नका. उष्णतेने क्लोरीन झपाट्याने उडते.

आता पुन्हा त्या तपकिरी साक्याकडे. प्रयोगांत हायपोक्लोराइट 0.023 टक्के इतके विरळ असतानाही रंग बदललेला आढळला, आणि 0.19 टक्क्याला साका पडला. म्हणजे भिंतीला चिकटून राहिलेला अंशही पुरतो. हा साका डेंटिनमधल्या (मुळाच्या कठीण भिंतीतल्या) सूक्ष्म नलिकांची तोंडे बुजवतो, त्यामुळे पुढे कॅनाल बंद करणारा सीलर आत शिरत नाही, आणि दाताचा रंग जातो. त्यात पॅराक्लोरोअनिलिन हे विषारी द्रव्य असल्याचे 2007 मध्ये मांडले गेले. पुढे रेणूंची रचना दाखवणाऱ्या एनएमआर तंत्राने तपासणाऱ्यांना ते सापडले नाही. क्लोरहेक्सिडीनचे इतर तुकडे सापडले. वाद मिटेपर्यंत थांबायचे कारण नाही. नलिका बुजतात आणि दात डागाळतो, एवढेच हे मिश्रण टाळायला पुरेसे आहे.

क्लोरहेक्सिडीन ईडीटीएशी भेटले की दुधासारखा पांढरा साका पडतो. एकाचा रेणू धनभारित, दुसऱ्याचा ऋणभारित. दोघांचा न विरघळणारा क्षार तयार होतो. आणि एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: सलाइननेही, म्हणजे मिठाच्या पाण्यानेही, असेच होते. क्लोराइडमुळे क्लोरहेक्सिडीनचा कमी विरघळणारा क्षार खाली बसतो. म्हणून क्लोरहेक्सिडीनच्या आधी मध्यंतरी धुवायला सलाइन नको, डिस्टिल्ड वॉटर घ्या. अल्कोहोलही नको, त्यानेही क्लोरहेक्सिडीन खाली बसते.

क्रम असा ठेवा. आकार देताना फक्त हायपोक्लोराइट. सुई तीस गेजची, बाजूला छिद्र असलेली, वर्किंग लेंग्थपेक्षा (कॅनाल जिथवर साफ करायचा त्या खोलीपेक्षा) निदान दोन मिलिमीटर वर, कुठेही न अडकता हलणारी, दाब बोटाचा आणि हलका. आकार पूर्ण झाला की द्रावण शोषून घ्या, पेपर पॉइंटने (शोषून घेणाऱ्या कागदी काडीने) कोरडे करा. मग ईडीटीए, प्रत्येक कॅनालला सुमारे पाच मिलिलिटर, एक मिनिट. जास्त वेळ ठेवून वरून पुन्हा भरपूर हायपोक्लोराइट सोडले तर उघडे पडलेले कोलॅजनही विरघळते आणि डेंटिन पोखरले जाते. क्लोरहेक्सिडीन हवेच असेल, समजा पुन्हा करायच्या जुन्या केसमध्ये, तर पाच मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, कोरडे करणे, आणि मगच ते. नुसत्या पाण्याने नलिकांतला अंश पूर्ण निघत नाही, म्हणून कोरडे करण्याची पायरी गाळू नका. नेहमीच्या केसमध्ये हायपोक्लोराइट आणि ईडीटीएवर भागते. तिसरे द्रावण ठोस कारणाशिवाय घेऊ नये असे मला वाटते.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायपोक्लोराइट आलटून-पालटून वापरण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी. फेस येतो, कचरा वर येताना दिसतो, पण दोन्ही एकमेकांना संपवून मीठ, पाणी आणि ऑक्सिजन उरतो.

सायट्रिक ॲसिडशी हायपोक्लोराइट भिडले की क्लोरीन वायू सुटतो. कॅनालमध्ये तो थोडाच असतो, पण ट्रेवर उरलेली द्रावणे एका वाटीत ओतली की रुग्णाच्या नाकापर्यंत जातो. म्हणून प्रत्येक द्रावणाची सिरिंज वेगळी, तिच्यावर चिकटपट्टीचा रंग वेगळा, आणि उरलेले ओतायची वाटीसुद्धा वेगळी.