तोच प्रश्न, दोन्हीकडे

(पडद्यावर: दात घासायच्या साधनांची छायाचित्रं, एकामागून एक)

साधा ब्रश. केस झिजून पसरलेला ब्रश. विजेवर चालणारा ब्रश. काडी. आणि हे नुसतंच बोट.

दुसऱ्या देशातली माणसं कशी जगतात, कशी वागतात, हे समजून कसं घ्यायचं? ही छायाचित्रं ‘डॉलर स्ट्रीट’ या संकेतस्थळावरची. स्वीडनच्या गॅपमाइंडर संस्थेत ॲना रोस्लिंग रोनलुंड यांनी 2016 मध्ये ते जगासमोर आणलं. समजा, सगळं जग एकाच रस्त्यावर राहतंय. डाव्या टोकाला सर्वांत गरीब घर, उजव्या टोकाला सर्वांत श्रीमंत. घराची जागा ठरते महिन्याच्या मिळकतीवर. छायाचित्रकार घराघरांत जातात आणि सगळीकडे त्याच गोष्टी टिपतात: चूल, बिछाना, खेळणी, संडास.

(पडद्यावर: बाण मिळकतीच्या पट्टीवर सरकतो)

आता देश बाजूला ठेवा, फक्त मिळकत सारखी धरा. बिछाने बघा. ही घरं वेगवेगळ्या खंडांतली आहेत, खालचं नाव वाचल्याशिवाय सांगता येतंय का? ‘तिकडची संस्कृती’ म्हणून आपण जे बोट दाखवून सांगतो, त्यातलं बरंचसं खिशाचं निघतं. पर्यटनाच्या व्हिडिओत हे कधी दिसत नाही.

(पडद्यावर: दोन रकान्यांत मांडलेली उत्तरं)

पण खिसा सारखा असूनही माणसं वेगळी वागतात. ते कसं पकडायचं? 1997 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात ‘कुल्तुरा’ हा उपक्रम सुरू झाला. अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांना एकच प्रश्नावली. वाक्य पूर्ण करा: चांगला शेजारी म्हणजे… प्रसंग: तुम्ही रांगेत ताटकळलाय आणि कुणीतरी मध्येच घुसतं. किंवा, दुकानात एक आई मुलाला चापट मारते. तुम्ही काय कराल?

उत्तर ज्याने-त्याने आपल्याच भाषेत लिहायचं. परक्या भाषेत माणूस जमेल तेवढंच लिहितो, मनातलं राहून जातं. मग दोन्हीकडची उत्तरं शेजारी-शेजारी. शिक्षक अर्थ सांगत बसत नाहीत. रकाने विद्यार्थी वाचतात, कुठे खटकतंय ते हेरतात, आणि थेट पलीकडच्यांना विचारतात: तुम्ही मध्ये का पडला नाहीत? ही चौकशी आठवडे चालते. चालायलाच हवी.

(पडद्यावर: दोन देशांतल्या वर्गांचा व्हिडिओ कॉल, दोन्हीकडून हात हलतायत)

दोन वर्गांचा हा कॉल मात्र तासाभरात उरकतो. झेंडे, पोशाख, एक नाच, टाळ्या. कॅमेऱ्याला झकास दिसतं, आम्हीही भरपूर टिपलंय. पण त्यात कुणी कुणाला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारत नाही.

आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2024 च्या अंदाजानुसार सुमारे 260 कोटी माणसं इंटरनेटच्या बाहेर होती. अशी माणसं कुठल्याच रकान्यात नाहीत.

कॉल लावायचाच, तर रकाने वाचून झाल्यावर लावावा. तेव्हा दोन्ही वर्गांकडे विचारायला काहीतरी असतं.

(इथून निवेदन नाही. वर्गातला मूळ आवाज चालू ठेवावा.)