सरकायला जागा

(दृश्य: ओहोटीचा चिखल. कांदळाच्या फांदीला लोंबणारी हिरवी काडी.)

शेंगेसारखं दिसतंय ना? ते कांदळाचं, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाचं, रोप आहे. बी झाडावरच रुजलं, फळ फोडून बाहेर आलं आणि आता वीतभर वाढून आईच्याच फांदीला लटकलंय. वजन पेलेनासं झालं की सुटेल. खाली ओहोटी असेल तर टोकावर पडून चिखलात रुतेल. भरती असेल तर पाण्याबरोबर निघेल, आठवडेच्या आठवडे तरंगत राहील आणि जिथे टेकेल तिथे मूळ धरेल.

समुद्र वर चढतो तेव्हा खारफुटीचं जंगल असंच सरकतं. एकही झाड जागचं हलत नाही. पाण्याकडची झाडं बुडून मरत जातात, जमिनीकडच्या अंगाला नवी रोपं टेकत जातात आणि काही वर्षांनी पाहावं तर अख्खं जंगल आत आलेलं असतं. शिवाय मुळांच्या जाळ्यात गाळ अडकतो, साचतो. जंगल आपल्या पायाखालची जमीन आपणच उचलत राहतं.

किती उचलणार? २०२० साली शास्त्रज्ञांनी हिमयुग सरल्यानंतरच्या काळातल्या गाळाचे पुरावे तपासले. समुद्र वर्षाला ६-७ मिलिमीटरपेक्षा वेगाने चढू लागला की खारफुटी मागे पडते, असं त्यातून दिसलं. आज जगाची सरासरी वर्षाला ४ मिलिमीटरच्या पुढे गेली आहे.

वर चढणं जमेनासं झालं की आत सरकणं तेवढं उरतं. आणि अनेक किनाऱ्यांवर नेमकं तिथेच, जंगलाच्या पाठीला लागून, आपण भिंत घातलेली असते. नाहीतर रस्ता. नाहीतर कोळंबीची तळी. रोप तरंगत येतं, काँक्रीटला टेकतं आणि पुढची भरती त्याला परत घेऊन जाते.

(दृश्य: समुद्रातली वाळूची एक चिमुकली चकती.)

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीत ब्रॅम्बल के नावाचं वाळूचं बेट आहे. समुद्रापासून त्याची उंची जेमतेम ३ मीटर. या बेटावर एक तपकिरी उंदीर राहायचा, ब्रॅम्बल के मेलोमिस नावाचा. जगात दुसरीकडे कुठेही नाही. २००४ मध्ये बेटावर सुमारे २ हेक्टर हिरवळ होती. वादळी लाटांचं खारं पाणी आत येत राहिलं आणि २०१४ च्या मार्चमध्ये तिच्यातली हेक्टरच्या दहाव्या हिस्स्याहूनही कमी उरली. त्या वर्षी शोधूनही उंदीर सापडला नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. माणसाने घडवलेल्या हवामान बदलामुळे संपलेला हा पहिला सस्तन प्राणी मानला जातो.

‘बदलाशी जुळवून घ्या’ हे वाक्य हल्ली सारखं कानावर येतं. प्रत्येक वेळी मला हा उंदीर आठवतो. त्याने कुठे जायचं होतं?

डोंगरावरही तीच गत. पेरूमधल्या पँटिआकोया डोंगरावर १९८५ मध्ये पक्ष्यांची नोंद झाली होती. २०१७ मध्ये अभ्यासक पुन्हा तोच डोंगर चढले. पक्षी थंडाव्याच्या मागे वर सरकले होते. अगदी माथ्यावरच्या पक्ष्यांना वर सरकायला डोंगरच उरला नव्हता. त्यांतले काही या खेपेला दिसलेच नाहीत.

जागेसारखाच वेळही अपुरा पडतो. नेदरलँड्समधल्या होगे वेलुवेच्या रानात ‘ग्रेट टिट’ची, म्हणजे रामगंगेच्या भाऊबंदांची, घरटी १९५५ पासून मोजली जातायत. वसंत लवकर तापू लागला, अळ्या लवकर निघू लागल्या. पक्ष्यांनी अंडी घालण्याची वेळ तेवढी अलीकडे आणलेली नाही. पिल्लांची भूक ऐन भरात येते तेव्हा अळ्यांचा बहर सरलेला असतो.

(दृश्य: सायकलवर भोंगा घेऊन निघालेला स्वयंसेवक.)

माणसाला मात्र आधी कळू शकतं. आणि कळलं की किती फरक पडतो! १९७० च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर किमान ३ लाख माणसं गेली. १९९१ मध्ये जवळपास १ लाख ४० हजार. २००७ च्या सिडर वादळात सुमारे साडेतीन हजार. वादळं सौम्य झाली नव्हती. १९७२ पासून गावोगावचे स्वयंसेवक भोंगे घेऊन दारोदार इशारा द्यायला लागले होते आणि जायला पक्के, उंच निवारे उभे राहिले होते. इशारा आणि निवारा, दोन्ही लागतं. नुसतं ‘पळा’ म्हणून काय उपयोग?

वादळ ओसरलं की माणूस घरी परततो. पण परतायची जागाच पाण्याखाली जात असेल तर?

फिजीमधल्या वुनिदोगोलोआ गावाची भरतीच्या पाण्याने पाठ सोडली नाही. त्यांनी भिंत बांधली, ती टिकली नाही. २००६ मध्ये गावानेच सरकारकडे विचारणा केली: आम्हाला हलवाल का? २०१४ मध्ये गाव सुमारे २ किलोमीटर आत, उंचावर गेलं. सुमारे ३० घरं. नव्या जागेचं नाव ठेवलं केनानी, बायबलमधल्या वचन दिलेल्या भूमीवरून. ही जागा त्यांच्याच कुळाच्या परंपरागत जमिनीतली होती, म्हणून शेजाऱ्याशी तंटा झाला नाही. पण उठल्याबरोबर समोर दिसणारा समुद्र दूर गेला, आणि मासेमारीवर वाढलेल्या माणसांना हे २ किलोमीटर कमी नाहीत.

(दृश्य: वाल नदी, नायमेखन शहर.)

१९९५ च्या पुराच्या धास्तीने नेदरलँड्समध्ये अडीच लाख माणसांना घरं सोडावी लागली. बांध आणखी उंच करत जायचे, ही त्या देशाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. या वेळी त्यांनी नदीला जागा द्यायचं ठरवलं. नायमेखनला वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेतला आणि मधून नवा प्रवाह खणला. त्यासाठी सुमारे ५० घरं पाडावी लागली. त्या घरांत राहणाऱ्यांनी सहजासहजी होकार दिला नाही, आणि का द्यावा?

ओव्हरडीपसे पोल्डरच्या, म्हणजे बांध घालून पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीवरच्या, शेतकऱ्यांवरही हीच पाळी आली. त्यांच्या शिवारात नदीला वाट द्यायची होती. ‘आम्हाला उठवू नका,’ असं म्हणून त्यांनी आपलाच आराखडा पुढे केला: नदीकडचा बांध ठेंगणा करा, मोठ्या पुराचं पाणी आत येऊ द्या, आमची घरं आणि गोठे मागच्या बांधालगत मातीचे उंचवटे रचून त्यांवर बांधा. सगळ्यांना पुरेल एवढी जागा उंचवट्यांवर नव्हती. काही कुटुंबं राहिली, काही शेती विकून दुसरीकडे गेली.

(दृश्य: उंचवट्यावरचा गोठा, खाली सपाट गवताळ रान.)

हिशेबाने सरासरी २५ वर्षांतून एकदा हे रान पाण्याखाली जाईल. तोवर गायी खाली चरतात. संध्याकाळी दूध काढायच्या वेळेला उतार चढून वर येतात.