अंथरूण कोरडं राहिलं तेव्हा

नमस्कार मंडळी. आज जंतूंच्या विषावर बोलायचंय, जंतू आतड्यात बसतो पण त्याचं विष रक्तात जाऊन काय उद्योग करतं त्यावर. पण आधी माझ्या भाच्याचं सांगतो.

खानापूरकडे बहिणीचं सासर. जत्रा झाली आणि तीन-चार दिवसांनी पाच वर्षांच्या भाच्याला जुलाब लागले, मग त्यात रक्त. मेडिकलमधून कुणीतरी जुलाब बांधायची गोळी आणली, आठवड्याभरात पोट थांबलं, सगळे खूश. वर आणखी एक चमत्कार, हा पोरगा रोज अंथरूण ओलं करायचा ते दोन रात्री कोरडं! बहिणीनं शाबासकी म्हणून कुंदा आणला (हल्ली कुंद्यात साखरच जास्त घालतात, पहिल्यासारखा खरपूस लागत नाही, असो). आज्जी तेवढी म्हणाली, "अगं, दिवसा तरी कुठं मुतायला गेलाय तो? तोंड बघ की, पांढरंफटक पडलंय." सगळे म्हणाले अशक्तपणा. आज्जी काय ऐकते, पहिल्या बसनं पोराला बेळगावला न्यायला लावलं. तपासलं तर हिमोग्लोबिन खाली, प्लेटलेट्स खाली, किडनी बंद पडत आलेली. डायलिसिस करावं लागलं, पण पोरगा वाचला.

झालं काय, तर ई. कोलाय जंतूची एक जात शिगा नावाचं विष सोडते. शिगा हे जपानी डॉक्टरचं नाव, त्यांनी १८९७ साली रक्ती आवेचा जंतू शोधला. हे विष बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सोलतं, शरीराला वाटतं जखम झाली, मग प्लेटलेट्स तिथं चिकटून गुठळ्या होतात. आतड्याला रक्त कमी पडतं, किडनीची चाळणी तुंबते, आणि त्या अरुंद वाटेनं जाताना तांबड्या पेशी फाटतात. म्हणजे बाहेर रक्त जातंय आणि आत रक्त गोठतंय, दोन्ही एकदम.

२०११ साली जर्मनीत हेच मोड आलेल्या मेथीतून झालं, ५०च्या वर माणसं गेली. मोड आलेलं कच्चं खायची फॅशन मला तरी पटत नाही, आपली उसळ शिजवलेलीच बरी.

तर लक्षात ठेवा, शी मध्ये रक्त असेल तर जुलाब बांधायची गोळी नको, मनानं अँटिबायोटिक तर नकोच, त्यानं विष वाढू शकतं. आणि जुलाब थांबले तरी लघवी बघा, परत सांगतो, लघवी बघा. कमी झाली की थेट दवाखाना.

भाचा आता आठवीत आहे. अंथरुणाचं तेवढं रेडिओवर सांगू नको म्हणून त्यानं मला बजावलं होतं.