वाळकाचं पाणी

(सकाळ. तुरीच्या ओळी. ओलं पान बाजूला सारणारा हात.)

भाद्रपदातलं रान. तुरीच्या तासात वाकून चाचपलं की हाताला वाळूक, म्हणजे गावरान काकडी, लागतं. याला वेगळं वावर नसतं. पेरणीच्या वेळी मूठभर बी तुरीत नाहीतर कापसात टाकून दिलेलं असतं.

आजी आधी टोक कापतात. तेच टोक कापल्या जागी गोल गोल घासतात, फेस येतो. मग एक फोड जिभेवर. कडू निघालं तर शेळीला.

(विळीचा आवाज. निवेदन नाही.)

नावावर एकमत नाही. इथं गावरान ते वाळूक, बाजारातला हिरवा लांबट तो खिरा. देगलूरकडं तेलंगणातून येणारं पिवळं फळ दोसकाय. उमरग्याच्या पलीकडं कानडी मुलखात सवतेकाई. शेंदाड निराळं, ते खरबुजाच्या गोतातलं. भित्र्याला 'शेंदाड शिपाई' म्हणतात, त्यात त्या फळाचा काय दोष, कोण जाणे.

आता लोणचं. बिया काढून फोडी केल्या, वर मीठ, पातेलं तिरपं. अर्ध्या तासात खाली पाणी साचतं. आजी ते फेकत नाहीत, धपाट्याच्या पिठात जिरवतात. फोडी फडक्यात पिळायच्या, सुपात पसरून उन्हात ठेवायच्या, चिवट होईतो. मग मोहरीची डाळ, हळद, तिखट, हिंग, लिंबाचा रस आणि गार केलेली फोडणी. घाई केली, फोड ओली राहिली, की बुरशी. सुपाजवळ आजी म्हणूनच बसून आहेत.

देगलूरकडं एवढा धीर नाही. मोहरीची पूड, मीठ, धर्माबादच्या बाजारातलं तिखट, तेल, झालं दोसावकाय. दुसऱ्या दिवशी गरम भातावर.

पोलंड-रशियात सगळं उलटं. तिथं पाणी काढत नाहीत, अख्खी काकडी मिठाच्या पाण्यात बुडवतात, सोबत शेपू आणि लसूण. व्हिनेगरचा थेंब नाही. आंबवायचं काम जिवाणू करतात, इडलीच्या पिठात करतात तसंच. इराणात ही खियार-शोर, म्हणजे खारी काकडी. अमेरिकेत नुसतं 'पिकल' म्हटलं तरी काकडीच समजायची.

(बर्गरचं दुकान. ताटलीच्या कडेला हिरव्या चकत्या.)

पोरांनी ती काकडी बाजूला काढलीय. गंमत अशी की असल्या काकड्या कर्नाटकात शेतकरी करारानं पिकवतात. 2021 च्या एप्रिल ते ऑक्टोबरात भारतातून 1 लाख 23 हजार टनांहून जास्त माल परदेशी गेला. घरी खाणारं जवळपास कुणी नाही.

इकडं सोयाबीन आलं, तणनाशक आलं, तासातले वेल गेले.

(मडक्याचं तोंड. राखेत घोळलेलं बी.)

हे गेल्या सालचं. आम्ही मूठभर मागितलं. आजींनी पाच बिया मोजून दिल्या.