बिलाची तारीख आपली असते

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘बिलात जीएसटी आणि टीडीएस कसा दाखवायचा’, आणि तो मी घेणारच आहे, पण त्याआधी मला तारखेबद्दल बोलायचंय. आकडा चुकला तर क्लायंटचे अकाउंट्सवाले लगेच बिल परत पाठवतात. तारखेचं तसं नाही. तारीख खोटी टाका अशी उलट आपल्यालाच विनंती होते. मार्च एंडिंगला फोन येतो, अगदी गोड आवाजात, “मॅडम, ते बिल जरा एप्रिलचं करून देता का?” कुणाकुणाला आलाय हा फोन, हात वर करा बरं. बघा, अर्धा हॉल. आणि करून किती जणांनी दिलं? राहू दे, हात नका वर करू, चेहरे दिसतायत मला.

आता माझा किस्सा सांगते, थोडा लांब आहे पण सगळा इथेच लागू आहे. मी पॅकेजिंग डिझाइन करते. एका खाद्यपदार्थांच्या कंपनीसाठी दिवाळीचे गिफ्ट बॉक्स केले होते, नाव घेत नाही, गरजही नाही. काम नवरात्राच्या आधी दिलं, फायनल फाइल्स मेलवर गेल्या, त्यांच्या मार्केटिंगच्या माणसाने “अप्रूव्हड, थँक यू” असं लिहून पाठवलं आणि मी दुसऱ्या दिवशी बिल लावलं. मग सुरू झालं व्हेंडर रजिस्ट्रेशन. पॅनची कॉपी द्या, कॅन्सल्ड चेक द्या, जीएसटी सर्टिफिकेट द्या. दिलं. दिवाळी आली, बॉक्स दुकानात लागले, विकले गेले, लोकांनी आतली मिठाई खाऊन बॉक्समध्ये सुया-दोरे ठेवायलाही सुरुवात केली असेल, आणि माझं बिल “प्रोसेसमध्ये आहे”. हे वाक्य तुम्हाला पाठ असेल. डिसेंबरात कळलं की बिल ड्रॉवरमध्येच पडून होतं, कारण बिलावर नाव त्यांच्या ग्रुपचं होतं आणि जीएसटी नंबर त्या ग्रुपमधल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा. हे नाव आणि हा नंबर, दोन्ही त्यांनीच मेलवर कळवलेले, मेल माझ्याकडे आहे. बरं, चूक दिसली तर फोन करावा ना माणसाने? नाही केला. मी नाव दुरुस्त केलेली प्रत दिली, नंबर तोच, तारीख तीच. तर म्हणाले तारीख आजची टाका. का? तर त्यांनी पर्चेस ऑर्डर, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, ज्याला पीओ म्हणतात, ती डिसेंबरात काढली होती, आणि बिल पीओच्या आधीचं असेल तर त्यांचं सॉफ्टवेअर ते घेत नाही! म्हणजे काम सप्टेंबरातलं, विक्री ऑक्टोबरातली, ऑर्डर डिसेंबरातली. आणि मार्चमध्ये तो फोन, बजेट संपलंय, एप्रिलचं करा.

मी नाही केलं. आणि का नाही केलं ते तुम्हाला पटावं म्हणून आज मी इथे उभी आहे, कारण आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं की तारखेने काय होतंय, पैसे आले म्हणजे झालं.

खूप काही होतं. एक तर जीएसटी नोंदणी असेल तर सेवेचं बिल काम दिल्यापासून ३० दिवसांत काढायचं असतं, हा नियम आहे. सप्टेंबरातल्या कामाचं बिल एप्रिलच्या तारखेने काढलं तर नियम तुम्ही मोडला, क्लायंटने नाही, कारण सही तुमची. दुसरं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून मी प्रत्येक ठिकाणी ओरडून सांगते: २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे आपल्यासाठी. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असाल, घरातून एकटीने काम करणारी डिझायनरसुद्धा बसते, तर समोरच्याने १५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण ती मुदत ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. हे दिवस मोजायचे ते काम दिल्याच्या दिवसापासून, आणि समोरच्याने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल तर ती हरकत दूर झाल्यापासून. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात अशी तरतूद आहे की ही मुदत उलटली आणि वर्ष संपेपर्यंत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च क्लायंटला त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. आता कळलं मार्चमधला फोन एवढा गोड का असतो? एप्रिलची तारीख टाकली की त्याच्या वहीत उशीर झालेलाच दिसत नाही, आणि तुमचा हक्क तुमच्याच सहीने कमी झालेला असतो.

मी त्यांना मेल केली. काम मंजूर केल्याची त्यांची मेल जोडली, मूळ बिल जोडलं, उद्यम नंबर लिहिला आणि १५ दिवसांचा नियम लिहिला. भांडले नाही, आवाज चढवला नाही. ती मेल त्यांच्या सीएपर्यंत पोचली आणि पैसे सुटले. व्याज नाही मिळालं, ते मागायला तक्रार करून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे वाद बघणाऱ्या सरकारी मंडळाकडे जावं लागतं, त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल. उद्यम नोंदणी मात्र आजच करा, फुकट आहे, सरकारी साइटवर होते, पैसे मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका, आणि काम घेण्याआधी करा, बिल अडकल्यावर नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. बरं, मग छापलेला विषय भराभर घेऊ, लिहून घ्या.

सगळ्यात आधी नाव. क्लायंटचा जीएसटी नंबर मागा आणि जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, कुणालाही बघता येतो, लॉगिन लागत नाही. तिथे जे कायदेशीर नाव दिसतं तेच बिलावर, व्हिजिटिंग कार्डावरचं नाही. नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०. तुम्ही कोल्हापुरात आणि क्लायंट कोल्हापुरातच, तर सीजीएसटी, म्हणजे केंद्राचा, ९ टक्के आणि एसजीएसटी, म्हणजे राज्याचा, ९ टक्के. क्लायंट पणजीचा, तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा, १८ टक्के. इंटिरिअरवाल्यांनो, तुमचं वेगळं आहे, जागा ज्या राज्यात ते राज्य धरायचं, क्लायंट मुंबईचा आणि फ्लॅट म्हापशाला असेल तर आयजीएसटीच. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी केली नसेल तर बिलात जीएसटी लावायचाच नाही, एक रुपयाही नाही, कायद्याने बंदी आहे.

टीडीएस, म्हणजे क्लायंट आपल्या फीतून कापून सरकारात भरतो तो आयकर. फी ६०,००० धरा. जीएसटी १०,८००, बिल ७०,८०० चं. क्लायंट १० टक्के कापतो तो ६०,००० वर, म्हणजे ६,०००, आणि खात्यात ६४,८०० यायला पाहिजेत. पुष्कळ ठिकाणी ७०,८०० वर कापून ७,०८० वळते करतात. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्याच्यावर टीडीएस कापायचा नाही, २०१७ चं आयकर खात्याचं परिपत्रकच आहे. म्हणून फी आणि कर वेगवेगळ्या ओळीत लिहायचं, एकच गोळा आकडा कधी नाही. आणि टीडीएस बिलातून वजा करून दाखवू नका, बिल पूर्ण रकमेचं, कापायचं काम त्यांचं, आपण फक्त आयकर पोर्टलवर आपल्या नावावर जमा झालाय का ते बघायचं.

बिल नंबर १६ अक्षरांच्या आत, ओळीने, एका आर्थिक वर्षात तोच नंबर परत नाही. कामाच्या वर्णनात ‘प्रोफेशनल चार्जेस’ एवढंच नका लिहू हो! कुठले बॉक्स, किती डिझाइन, कितीदा बदल करून देणार, कुठल्या तारखेच्या मेलवर मंजुरी मिळाली, सगळं एका ओळीत मावतं, आणि उद्या वाद झाला तर तीच ओळ कामाला येते. पीओ लागणार का ते काम घेतानाच विचारा, लागणार असेल तर पीओ हातात येईपर्यंत फाइल उघडू नका. आणि बिल जीएसटी रिटर्नमध्ये गेल्यावर रक्कम कमी करायची वेळ आली तर जुनं बिल खोडायचं नाही, क्रेडिट नोट, म्हणजे रक्कम कमी केल्याचा वेगळा कागद काढायचा, तिच्यावर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख लिहायची, आणि तिची स्वतःची तारीख ज्या दिवशी काढली त्या दिवसाची.

झालं, वेळ संपली. ज्यांची बिलं आत्ता मार्चच्या फोनमध्ये अडकलीत त्यांनी मेलच्या प्रिंट घेऊन चहाच्या टेबलापाशी या, एकेकाचं बघू.