मदिना : मशिदीपासून रेल्वे स्टेशनापर्यंत

[अंधार. अजानचे शेवटचे शब्द. हळूहळू उंच पांढरे खांब दिसू लागतात.]

फज्रची, म्हणजे पहाटेची, नमाज आटोपली आहे. मस्जिद-ए-नबवीच्या, म्हणजे प्रेषितांच्या मशिदीच्या, अंगणात लोक जागच्या जागी बसून आहेत. कुणी तसबीह, म्हणजे जपमाळ, ओढतंय, कुणी नुसतंच वर बघतंय. दिवस वर आला की या खांबांवर मिटून ठेवलेल्या छत्र्या उघडायला लागतात. आवाज जवळजवळ नाहीच. कापड सुटत जातं, पसरतं, आणि काही मिनिटांत सगळ्या अंगणावर छप्पर होतं. अशा 250 छत्र्या आहेत. जर्मन वास्तुकार बोडो राश यांच्या चमूची ही रचना. पायाखालचा पांढरा संगमरवर ग्रीसच्या थासोस बेटावरचा. उन्हात फारसा तापत नाही, म्हणून भर दुपारीही इथे अनवाणी चालता येतं.

माझ्या शेजारी अम्मी बसली आहे. तिच्या मांडीवर शाळेची दोनशे पानी वही. कोकणातल्या आमच्या गावातून निघताना जो भेटला त्याने हेच सांगितलं होतं, मदिन्याला जाताय ना, माझाही सलाम पोहोचवा. एक-दोन नावं लक्षात राहतात. ऐंशी कशी राहणार? म्हणून वही.

[वहीचं पान. निळ्या शाईतली नावं.]

आमच्या घरातून याआधी इथे आले ते माझे नाना. मुंबईहून 'अकबरी' जहाजाने जेद्दा, आणि तिथून पुढे मोटारीने. हजची ती जहाजं 1995 साली बंद झाली. नाना सांगायचे, मदिन्यात पाय जपून ठेवायचा. कुठल्या मातीवर कोण चालून गेलंय, सांगता येत नाही. त्यांचं ते वाक्य मनात ठेवूनच हा कॅमेरा घेऊन मी इथे आलो.

आणि पहिल्याच दिवशी अडखळलो, कारण माती दिसतच नाही. डोळ्यांना दिसतात त्या उंच हॉटेलांच्या इमारती, रुंद रस्ते, भुयारी पार्किंग. चौदाशे वर्षांपूर्वीचं गाव कुठे आहे?

ते पायाखाली आहे. इसवी सन 622 मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) मक्केहून इथे आले, तेव्हा या वस्तीचं नाव यसरिब होतं. जो तो म्हणत होता, आमच्या घरी उतरा. प्रेषितांनी सांगितलं, सांडणीला जाऊ द्या, ती बसेल तिथे मुक्काम. सांडणी बसली ती खजूर वाळवायच्या एका मोकळ्या खळ्यावर. जागा सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची. मुलं फुकट द्यायला तयार होती, पण प्रेषितांनी किंमत मोजून घेतली. मग मशीद उभी राहिली. भिंती कच्च्या विटांच्या, खांब म्हणजे खजुराचे बुंधे, वर झावळ्यांचं छप्पर. पाऊस आला की आत गळायचं आणि सजदा, म्हणजे कपाळ जमिनीला टेकणं, चिखलात व्हायचा. विटा वाहणाऱ्यांत प्रेषित स्वतः होते. मशिदीला लागूनच त्यांच्या घरच्या खोल्या, आणि एका बाजूला ज्यांना घरदार नाही त्यांच्यासाठी सुफ्फा नावाचा ओटा. त्या मूळ मशिदीची जागा आज या अफाट इमारतीच्या दक्षिणेकडच्या भागात एका लहानशा तुकड्याएवढी आहे. जुनं मदिना गाव जवळजवळ सगळं आताच्या मशिदीच्या आवारात आलं, असं इथले लोक सांगतात.

[हिरवा घुमट. कबुतरं.]

हा हिरवा घुमट. आपल्याकडे घराघरांतल्या कॅलेंडरांवर, रिक्षांच्या आरशांवर, लग्नपत्रिकांवर याचंच चित्र असतं. प्रेषितांचं निधन 632 मध्ये झालं. पत्नी बीबी आयशांच्या खोलीत त्यांनी शेवटचा श्वास घेतला आणि तिथेच दफन झालं. पुढे पहिले दोन खलिफा, हजरत अबू बक्र आणि हजरत उमर, यांना त्यांच्याशेजारी जागा मिळाली. घुमट मात्र कितीतरी उशिरा आला. 1279 मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतान कलावूनने तो लाकडात बांधून घेतला. आगीनंतर पुन्हा उभारला गेला. हिरवा रंग तर 1837 मधला, उस्मानी म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या काळातला. म्हणजे ज्या रंगाशिवाय आपल्याला मदिना डोळ्यांपुढे आणता येत नाही, तो इथे येऊन दोनशे वर्षंही झालेली नाहीत. हे कळल्यावर मला त्या घुमटाबद्दल उलट जास्तच माया वाटली. माणसं पिढ्यान् पिढ्या एका खोलीची काळजी घेत आली आहेत, आणि रंग देणं हा त्या काळजीचाच भाग.

प्रेषितांचं घर आणि मिंबर, म्हणजे प्रवचनाचं व्यासपीठ, यांच्यामधला भाग म्हणजे रियाझुल जन्ना. जन्नतच्या बागांपैकी एक बाग, असं हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांत, आलं आहे. आता इथे जायचं तर सौदी सरकारच्या नुसुक अ‍ॅपवर वेळ घ्यावी लागते. पुरुषांची वेळ वेगळी, बायकांची वेगळी. आम्हाला वेगवेगळ्या दिवशी मिळाली. आत कॅमेरा नेला नाही, त्यामुळे इथे फक्त माझे शब्द ऐका.

आतल्या खांबांना नावं आहेत. एक खांब आयशांच्या नावाचा. एक प्रेषितांचे सोबती अबू लुबाबा यांचा. हातून चूक झाली म्हणून त्यांनी स्वतःला खांबाला बांधून घेतलं आणि माफी मिळेपर्यंत सुटले नाहीत. आणि एका खांबाचं नाव हन्नाना, रडणारा. सुरुवातीला प्रेषित खजुराच्या एका बुंध्याला टेकून प्रवचन द्यायचे. पुढे लाकडी मिंबर तयार झालं, तेव्हा तो बुंधा रडू लागला. प्रेषित मिंबरवरून उतरले, त्याला मिठीत घेतलं, तेव्हा तो शांत झाला. लहानपणी मदरशात ही गोष्ट ऐकून आमच्यातला एक मुलगा खरंच रडला होता. त्या जागी उभा राहिलो आणि मला तो मुलगाच आठवला.

सोनेरी जाळीपुढे मिनिटभरही थांबता येत नाही. मागून माणसांचा लोंढा येत असतो, पहारेकरी हाताने पुढे सरकवत राहतो. वही काढायला वेळ कुठला? शेवटी अम्मीने नावं अंगणात बसून वाचली, घुमटाकडे तोंड करून, एकेक नाव सावकाश. हा सलाम अमक्याचा, हा तमक्याचा. मध्येच एका नावाशी थांबली. ते गृहस्थ आम्ही निघाल्यानंतर चार दिवसांनी गेले होते. तिने त्यांचाही सलाम सांगितला.

[जन्नतुल बकीची जाळीची भिंत, बाहेरून.]

मशिदीलगतच जन्नतुल बकी, मदिन्याचं जुनं कब्रस्तान. प्रेषितांच्या मुली, लहानगा मुलगा इब्राहिम, बहुतेक पत्नी, तिसरे खलिफा हजरत उस्मान आणि असंख्य सहाबा, म्हणजे प्रेषितांचे सोबती, इथे विसावले आहेत. 1925 च्या सुमारास इथले घुमट पाडले गेले. आता साध्या मातीवर साधे दगड, कुणाचंही नाव नाही. बायकांना आत जाता येत नाही. अम्मी जाळीबाहेर उभी राहिली, मी आत गेलो. आत काय पाहिलं, असं तिने बाहेर आल्यावर विचारलं. माती, मी म्हणालो. ती म्हणाली, नाना म्हणायचे ना.

[बस. खिडकीतून रस्ता.]

आपल्याकडून येणाऱ्या बहुतेक यात्रेकरूंची जियारत, म्हणजे पवित्र जागांची भेट, एका सकाळीत उरकते. टूरवाल्यांची बस येते, कुबा, किब्लतैन, खंदक, उहुद, शेवटी खजुरांची बाग, आणि जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजीच्या, आत परत. मला मनापासून सांगायचंय, शक्य असेल तर बसने एकदा जा, आणि मग दुसऱ्या दिवशी पायी जा. निदान कुब्याला तरी. हिजरतच्या, म्हणजे मक्केहून मदिन्याला येण्याच्या, वेळी उभारलेली ही पहिली मशीद. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि आता वाटेवर पादचाऱ्यांसाठी प्रशस्त रस्ता केला आहे. प्रेषित दर शनिवारी कुब्याला जायचे, कधी सांडणीवर, कधी चालत. इमारत 1980 च्या दशकातली आहे, पण अंतर तेच आहे. तासभर चालल्यावर अम्मीचे गुडघे दुखायला लागले, तरी रिक्षासारखी फिरणारी बॅटरीची गाडी तिने नाकारली.

किब्लतैनची मशीद म्हणजे दोन किब्ल्यांची मशीद. किब्ला म्हणजे नमाज पढताना तोंड करायची दिशा. हिजरी सन 2 पर्यंत (इसवी सन 624 च्या सुमारास) नमाज जेरुसलेमकडे तोंड करून व्हायची. मग मक्केकडे तोंड करण्याचा हुकूम आला. पुस्तकात हे एका ओळीत वाचलं होतं. इथे नकाशा समोर धरला तेव्हा कळलं की मदिन्याहून जेरुसलेम उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला. म्हणजे थोडं वळणं नाही, नमाजींच्या रांगाच्या रांगा पुरत्या उलट फिरल्या असणार. सगळ्यात मागे उभा असलेला माणूस एकदम पुढे आला असणार.

[उहुदचा लालसर डोंगर. छोटी टेकडी. तिच्यावर चढणारी माणसं.]

उहुदपाशी मात्र बस थांबते त्याच्या दुप्पट वेळ थांबा. इथे काहीही नवं बांधून झाकता आलेलं नाही; डोंगर डोंगरच आहे. समोरची ही बुटकी टेकडी म्हणजे तिरंदाजांची जागा. 625 मध्ये मक्केच्या कुरैश टोळीची तीन हजारांची फौज चालून आली, इकडे सातशे. प्रेषितांनी पन्नास तिरंदाज या टेकडीवर ठेवले आणि बजावलं, आम्ही जिंकताना दिसलो तरी जागा सोडू नका, हरताना दिसलो तरी सोडू नका. कुरैश मागे हटले, लूट दिसू लागली, आणि बहुतेक तिरंदाज खाली उतरले. तेव्हा शत्रूच्या बाजूने असलेल्या खालिद बिन वलीद यांनी घोडदळ वळवून मागून हल्ला केला. सत्तर जण शहीद झाले. त्यांत प्रेषितांचे काका हमजा. प्रेषित स्वतः जखमी झाले, दात तुटला. टेकडीवर उभं राहिलं की चूक किती जवळून घडली ते दिसतं. खाली मैदान हाकेच्या अंतरावर आहे. वरून सगळं स्पष्ट दिसत असेल, आणि तरीही.

या पराभवाच्या डोंगराबद्दलच प्रेषित म्हणाले होते, उहुद आमच्यावर प्रेम करतो, आम्ही त्याच्यावर प्रेम करतो.

मक्केवाल्यांच्या पुढच्या हल्ल्यापासून गाव वाचवायला खणलेल्या खंदकाची जागा आता रस्त्यांखाली गेली आहे. पण खंदक उत्तरेलाच का खणला, याचं उत्तर अजून जमिनीवर आहे. गावाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला थिजलेल्या लाव्हाची काळी, खडबडीत पठारं आहेत. अरबीत त्यांना हर्रा म्हणतात. त्यातून घोडे येत नाहीत. उघडी बाजू उत्तरेची, म्हणून 627 मध्ये प्रेषितांचे इराणी सोबती सलमान फारसी यांच्या सल्ल्याने तिथे खणलं. हा लाव्हा फार जुना आहे असं समजू नका. 1256 मध्ये मदिन्याजवळ पुन्हा उद्रेक झाला, कित्येक आठवडे आग वाहत होती. त्याच वर्षी मशिदीलाही आग लागली.

[संग्रहालयाचा आतला भाग. मशिदीची छोटी प्रतिकृती.]

जे गाव बाहेर दिसत नाही ते दार अल मदिना संग्रहालयात प्रतिकृतींमधून दिसतं. झावळ्यांचं छप्पर, कच्च्या भिंती, शेजारच्या खोल्या, उहुदचं मैदान, जुनी तटबंदी. प्रतिकृतीतली ती खोली बघून अम्मी म्हणाली, आपल्या गोठ्याएवढी. मग बराच वेळ काही बोलली नाही. बसच्या यादीत हे संग्रहालय बहुधा नसतं. ते आधी पाहिलं असतं तर रियाझुल जन्नात उभं राहताना मला जास्त कळलं असतं, असं राहून राहून वाटतं. तुम्ही जाल तेव्हा क्रम उलटा ठेवा.

मदिन्यातल्या सगळ्या मौल्यवान चिजा मदिन्यात नाहीत. पहिल्या महायुद्धात उस्मानी सेनापती फखरी पाशा यांनी मशिदीतला मोठा ठेवा रेल्वेने इस्तंबूलला हलवला. तो आज तोपकापी राजवाड्यात आहे.

कुठली रेल्वे? तिच्याकडेच चाललो आहोत.

[काळ्या दगडाची इमारत. कमानी. जुनी इंजिनं.]

मशिदीपासून नैऋत्येला साधारण एक किलोमीटरवर अंबरिया. इथे हिजाझ रेल्वेचं शेवटचं स्टेशन आहे, आता संग्रहालय. दमास्कसहून मदिन्यापर्यंत सुमारे 1300 किलोमीटरची लाइन. सुलतान दुसरा अब्दुल हमीद यांनी 1900 मध्ये काम सुरू केलं, 1908 मध्ये गाडी इथे पोहोचली. उंटांच्या काफिल्याला दमास्कसहून जवळजवळ चाळीस दिवस लागायचे, रेल्वेने ते तीन-चार दिवसांवर आणलं. ही लाइन युरोपच्या कर्जावर नव्हे, जगभरच्या मुसलमानांच्या वर्गणीवर उभी राहिली, असं सांगितलं जातं, आणि त्यातला एक मोठा वाटा हिंदुस्थानातून आला. आपल्याकडच्या उर्दू वर्तमानपत्रांनी वर्गणी मागितली, लोकांनी दिली. देणाऱ्यांतले कितीतरी या गाडीत कधीच बसले नसतील. आपल्याकडून जहाजाने येणाऱ्याला दमास्कसची वाट लागतच नव्हती.

गाडी मोजून काही वर्षं धावली. 1916 मध्ये अरब उठाव झाला, रूळ उखडले गेले, पूल उडवले गेले. फखरी पाशांनी जानेवारी 1919 पर्यंत मदिना लढवली. मक्केपर्यंत न्यायची राहिलेली लाइन राहिलीच. आज मक्का-मदिना अंतर वेगळी, ताशी 300 किलोमीटरची हरमैन रेल्वे सव्वादोन तासांच्या आसपास कापते. ती 2018 पासून धावते.

स्टेशनच्या भिंतीला मी हात लावला. काळा दगड, बारीक छिद्रांचा, तापलेला. हर्राचाच हा बेसाल्ट. सह्याद्रीचा कातळही बेसाल्टच, कुंभार्ली घाटात लहानपणापासून पाहिलेला. मी अम्मीला म्हटलं, हा आपल्याकडचाच दगड बघ. तिने तळहात टेकवला आणि विचारलं, पैसे दिलेल्यांची नावं कुठे लिहिली आहेत का?

मला तरी कुठे दिसली नाहीत.

तिने पिशवीतून वही काढली. शेवटच्या पानावर तिने काय लिहिलं ते मी विचारलं नाही. तेवढ्यात शेजारच्या अंबरिया मशिदीतून असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजीची, अजान झाली, पहारेकऱ्याने दरवाजे ओढायला घेतले. मशिदीकडचा रस्ता सरळ होता. आम्ही चालत निघालो.

[दूरवर हिरवा घुमट. पाठमोरी दोन माणसं.]